संकरित वाहनाचे सुवाह्य भारणयंत्र : धानोऱ्याच्या वाटेवरून एक विचार

इंग्रजीतील 'चार्ज' या शब्दाचा वंश शोधू गेल्यास तो एका गाड्यापाशी जाऊन ठेपतो. रोमन लोकांनी केल्ट टोळ्यांकडून 'कार्रुस' हा गाड्याचा वाचक शब्द उचलला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कार्रिकारे', म्हणजे गाडा लादणे, हे क्रियापद बनले. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि तोफेत दारू ठासण्यापासून अंगावर जबाबदारी टाकण्यापर्यंत नाना अर्थ धारण करीत अखेर विजेच्या क्षेत्रात स्थिरावले. 'कार' हा शब्दही याच 'कार्रुस'चा वंशज होय. तेव्हा कारची बॅटरी चार्ज करणे या प्रयोगात एकाच कुळातील दोन शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा एकत्र आले आहेत. मराठीने 'चार्ज' एकदाच घेतला नाही. कचेरीतला 'चार्ज घेणे', न्यायालयातली 'चार्जशीट', रस्त्यावरचा 'लाठीचार्ज' आणि सर्वांत शेवटी भ्रमणध्वनीबरोबर घरोघर पोचलेले 'चार्जिंग', अशा निरनिराळ्या दारांनी तो आत आला.

या शेवटच्या चार्जिंगच्या एका विशेष शाखेचा येथे विचार करावयाचा आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही ज्यात असतात त्या संकरित वाहनाच्या उच्च दाबाच्या बॅटरीस बाहेरून, हाताने उचलून नेता येईल अशा यंत्राने वीज भरणे, ही ती शाखा. विषय किरकोळ वाटेल; परंतु त्याच्या मागे बॅटरीइतकाच जुना एक प्रश्न उभा आहे. वीज बॅटरीकडे न्यावयाची, की बॅटरी विजेकडे? ज्या प्रदेशात तारा सर्वत्र पोचल्या आहेत तेथे हा प्रश्न कोणास सुचत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यासारख्या अरण्यप्रदेशात तो रोजचा असतो, म्हणून धानोऱ्याची वाट येथे निवडली आहे. गडचिरोलीहून निघून धानोरा आणि मुरूमगाव यांवरून छत्तीसगडात उतरणारी ही वाट; तिच्या दोहो बाजूंस विखुरलेल्या वाड्यावस्त्या, घरात गोंडी, बाजारात मराठी आणि पूर्वेकडे सरकावे तसतशी छत्तीसगढी. अशा ठिकाणी नवी वस्तू आली की तिचे नाव कोणत्या भाषेतून येते आणि येताना आपल्याबरोबर कोणत्या सवयी आणते, हे पाहणे उद्बोधक असते.

ग्रामीण मराठीत 'बॅटरी' म्हणजे प्रथम हातातील विजेरी. रात्री पायवाटेवर साप-विंचू पाहण्यासाठी, शेतावर रानडुकरांवर राखण करण्यासाठी जी घेऊन निघावयाची ती बॅटरी. दुसरी बॅटरी जीपची, ट्रॅक्टरची, ट्रकची. ती 'उतरते', मग तिला तालुक्याच्या गावी नेऊन चार्जिंगला लावावे लागते. मूळ इंग्रजी शब्द तोफखान्यातला आहे. बेंजामिन फ्रँक्लिनने अठराव्या शतकाच्या मध्यास विद्युत्संचय करणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या जुळणीस तोफांच्या रांगेचे नाव दिले. मराठी परिभाषाकारांनी मात्र तोफ सोडून बरणी धरली आणि 'घट', 'घटमाला', 'संचायक घट' असे शब्द केले. 'घट' हा शब्द वस्तूच्या मूळ रूपाशी अधिक इमानी आहे, हे कबूल केले पाहिजे; तो पाठ्यपुस्तकाबाहेर पडला नाही, हेही तितकेच खरे.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा पहिला उपयुक्त घट सिद्ध केला, तेव्हा तो भरावयाचा कशाने ही अडचण होती. डायनामो व्यवहारात आलेला नव्हता. प्लांतेने आपला घट दुसऱ्या, एकदाच वापरावयाच्या घटांनी भरला. म्हणजे जगातील पहिले भारणयंत्र ही स्वतःच एक बॅटरी होती आणि ती टेबलावर उचलून ठेवता येत होती! सुवाह्यतेची कल्पना अलीकडची नव्हे, ती अशी आरंभापासूनची आहे.

१८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन घटाची धारणशक्ती पुष्कळ वाढविली. त्याच वर्षी फोरच्या भरलेल्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोस सर विल्यम टॉमसन यांच्याकडे प्रवास करून गेली आणि पोचल्यावरही तिच्यात वीज शिल्लक होती. 'विजेची पेटी' म्हणून लंडनच्या वृत्तपत्रांत तिचा मोठा गाजावाजा झाला. तिच्यात दहा लाख फूट-पौंड ऊर्जा असल्याचे तेव्हा सांगितले गेले. आजच्या मापात ही ऊर्जा सुमारे ०.३८ किलोवॅट-तास भरते. २०२२ साली भारतात आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा या संकरित मोटारीची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे बरोबर दुप्पट. संकरित मोटारीच्या पोटात किती थोडी वीज असते, आणि ती किती वेगाने भरून किती वेगाने खर्च होत असली पाहिजे, याची कल्पना या एका तुलनेवरून येईल.

पुढील अडचण प्रवाहाच्या जातीची होती. बॅटरीस एकदिश प्रवाह लागतो. शहरांतून पसरली ती प्रत्यावर्ती प्रवाहाची वीज. पीटर कूपर ह्यूइट याचा पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक १९०२ मधला. अमेरिकेतील सुखवस्तू घरांच्या गाडीखान्यात तो बसला आणि विजेच्या मोटारी घरी भरता येऊ लागल्या. तो काचेचा भलाथोरला फुगा जागचा हलविण्यासारखा नव्हता. त्यानंतर टंगार दिवा, सेलेनियमच्या चकत्या आणि १९५० नंतरच्या दशकात सिलिकॉनचे डायोड आले, आणि यंत्र एका हाताने उचलता येऊ लागले. तालुक्याच्या गावी 'बॅटरी सर्व्हिस' अशी पाटी लावून बसलेल्या दुकानांतील भारणयंत्रे या शेवटच्या पिढीची.

संकरित वाहनाची कल्पनाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात तरुण फर्डिनंड पोर्शे याने १९०० साली जी गाडी सिद्ध केली तिचे नाव 'सेंपर विवुस', अर्थात् 'नित्य सजीव'. तिच्यात पेट्रोलची दोन लहान इंजिने जनित्र फिरवीत, जनित्र वीज निर्माण करी आणि चाकांत बसविलेल्या मोटरी त्या विजेवर चालत. उरलेली वीज बॅटरीत जाई. नाव अर्थपूर्ण आहे. तारेपाशी न जाता जिवंत राहील असे वाहन, हीच तिची प्रतिज्ञा होती. साधी मोटारही याच दिशेने एक पाऊल टाकून गेली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीस चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर दिला, आणि इंजिनाने चालता चालता स्वतःची लहान बॅटरी भरावी ही व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. ती बॅटरी उतरली तर उपाय चार माणसांच्या खांद्यात होता. धक्का मारला, गिअर टाकला की इंजिन घुरघुरू लागे. धानोऱ्याच्या वाटेवरील काळीपिवळी जीप पिढ्यानुपिढ्या याच विद्येवर चालत आली.

आधुनिक संकरित मोटारीने ही विद्या निरुपयोगी केली. टोयोटाची 'प्रायस' डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या. एक नेहमीची १२ व्होल्टची. दुसरी शेकडो व्होल्टची, निकेल आणि धातु-हायड्राइड यांच्या घटांची. इंजिन सुरू करण्याचे काम या दुसरीचे. १२ व्होल्टची बॅटरी शेजारच्या गाडीवरून तारा जोडून जागी करता येते, परंतु त्याने गणकयंत्रे तेवढी जागी होतात. मोठी बॅटरी पुरती उतरली असेल तर इंजिन फिरत नाही, आणि धक्का मारूनही फिरत नाही. जी गाडी आपली वीज आपणच निर्माण करते म्हणून तिला तारेची गरज नाही असे अभिमानाने सांगितले जात होते, तिला या एका प्रसंगी तारेवाचून गत्यंतर उरत नाही. टोयोटाने अशा प्रसंगासाठी वेगळे भारणयंत्र करविले आणि ते आपल्या यंत्रज्ञांच्या हाती ठेवले. संकरित वाहनाच्या सुवाह्य भारणयंत्राचा इतिहास येथून सुरू होतो.

त्याचे कार्य थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. प्रायसच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीत २८ खंड असून प्रत्येक खंडात १.२ व्होल्टचे सहा घट असतात. एकूण १६८ घट आणि २०१.६ व्होल्ट, धारणशक्ती ६.५ अँपिअर-तास. गाडी चालत असताना नियंत्रक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण उतरू देत नाही. परिणामी सगळे घट सारखे भरले आहेत की नाहीत याची परीक्षा होतच नाही. या जातीचे घट नुसते ठेवले तरी आपोआप उतरतात, आणि सर्व सारख्या वेगाने उतरत नाहीत. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की घटांत विषमता वाढते आणि सर्वांत दुबळ्या घटावरून सबंध मालेची योग्यता ठरू लागते. यावर उपाय असा, की फार थोडा प्रवाह, समजा ०.३५ अँपिअर, वीसेक तास किंवा अधिक वेळ देत राहावयाचे. जे घट आधी भरतात ते वरची वीज उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. मागे राहिलेले घट तोवर त्यांच्या बरोबरीस येतात. या वेळी बॅटरीचा पंखा चालू ठेवावाच लागतो. मात्र हा उपाय निकेलच्या घटांपुरता आहे. लिथियमच्या घटांना अतिरिक्त भरण सोसत नाही. त्यांवर तो केल्यास आग लागण्याचा संभव असतो, आणि नव्या संकरित मोटारींपैकी बऱ्याच लिथियमच्या आहेत.

आणखी एक गोष्ट. १६८ घट पुरते भरताना मालेचा दाब २४० व्होल्टच्या वर चढतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. एक डायोड आणि मध्ये एक दिवा जोडून बॅटरी भरण्याची जुनी युक्ती पुष्कळ कारागिरांस ठाऊक आहे. आकड्यांच्या दृष्टीने ती येथेही लागू पडेल असे दिसते, आणि धोका नेमका येथेच आहे. त्या जोडणीत घराच्या तारेपासून विलगता नसते, दाबावर मर्यादा नसते, पूर्ण भरल्यावर थांबणे नसते. खऱ्या भारणयंत्राची किंमत या तीन गोष्टींचीच असते.

आता वाटेकडे वळावे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली चालू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. कोळसा आणि केंद्र पश्चिमेकडे राहिले, अरण्य पूर्वेकडे आले. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि त्याची वीज उंच मनोऱ्यांवरून दूरच्या शहरांकडे जाते. अरण्यातील तार मात्र झाडाच्या एका फांदीने तुटते, आणि पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की ती जोडावयास जाणाऱ्याची वाटही तुटते. ज्या दिवसांत वाहन उभे राहून बॅटरी उतरण्याचा संभव अधिक, त्याच दिवसांत भारणयंत्रास वीज न मिळण्याचाही संभव अधिक, असा हा योग आहे. पेट्रोलचे लहान जनित्र आणून त्यावर भारणयंत्र चालविता येईल. परंतु संकरित मोटार म्हणजे स्वतःच एक पेट्रोलचे जनित्र असल्यामुळे, एका जनित्राने दुसऱ्यास जागे करण्याचा तो प्रकार काहीसा विनोदी ठरतो. सूर्यपटलाचा मार्ग अधिक सयुक्तिक दिसतो. ०.३५ अँपिअर आणि २४० व्होल्ट म्हणजे अवघे ८४ वॅट. मध्ये योग्य परिवर्तक असल्यास दीडशे-दोनशे वॅटच्या पटलावर, दोनतीन दिवसांत का होईना, हे काम होण्यासारखे आहे.

धानोरा तालुक्यास वाहून नेण्याच्या प्रश्नाचा दुसराही एक अनुभव आहे. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळाले. तरी तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती २०११ च्या एप्रिलमध्ये आला. मधल्या काळात बांबू गावाचा होता आणि नसल्यासारखाही होता. वस्तू आपल्यापाशी साठलेली असणे आणि ती हवी तेथे नेता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॅटरीच्या बाबतीत हे पदार्थविज्ञान सांगते, बांबूच्या बाबतीत ते मेंढ्याने सांगितले.

संकरित वाहन आणि घरगुती प्लग यांचा मेळ घालण्याचा महाराष्ट्रातील उल्लेखनीय प्रयत्न पुण्याचा. केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने २०१० साली 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला. जुन्या पेट्रोल वा डिझेल मोटारीस विजेची मोटर, नियंत्रक आणि बॅटरी जोडून तिला संकरित करावयाचे आणि ती बॅटरी घरच्या विजेवर भरावयाची, अशी ती योजना होती. जपानी संकरित मोटारीने तार सोडली होती. पुण्याच्या संचाने ती पुन्हा धरली. असे संच जुन्या वाहनांस बसविण्याचे नियम केंद्र शासनाने २०१६ साली केले. रेव्होलो मात्र रस्त्यावर रुजला नाही. एकाच मोटारीत दोन यंत्रणा बसविण्याचा खर्च, आणि तोवर शुद्ध विद्युत् वाहनांकडे वळलेले धोरण, ही कारणे पुरेशी वाटतात. तरीही भारतीय परिस्थितीचा विचार करून केलेली ती मांडणी होती, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे. विदर्भात नागपुरास २०१७ च्या मे महिन्यात विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा चालकांची मुख्य तक्रार भारणकेंद्रावरील रांगेत जाणाऱ्या वेळाची होती. नागपुरात रांग, तर त्याच्या पूर्वेस काय?

एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एक खुलासा केला, तो भाषेच्या अभ्यासकानेही वाचण्यासारखा आहे. वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे त्यात ठरविले गेले. कारण भरताना विद्युत् ऊर्जेचे रूपांतर रासायनिक ऊर्जेत होते. वीज विकण्यास परवाना लागतो, सेवेस तो लागत नाही. एका क्रियापदाच्या अर्थनिर्णयाने तालुक्याच्या बॅटरी-दुकानदारास, निदान कायद्यापुरते, विद्युत् वाहने भरून देण्याचे दार उघडले.

आता त्या दुकानदाराच्या हाती येणारे शब्द पाहू. शास्त्रीय मराठीत विद्युत् भार म्हणजे 'चार्ज'. पाठ्यपुस्तके अलीकडे 'प्रभार' म्हणतात. परंतु २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जो शब्द घरोघर झाला तो 'भारनियमन', आणि तेथे 'भार' म्हणजे चार्ज नव्हे, 'लोड'. जे भरावयाचे आणि जे ओढले जाते, ती दोन्ही एकाच 'भार' शब्दात येऊन बसली. कचेरीत 'प्रभारी' अधिकारी आणखी निराळा. 'हायब्रीड' या शब्दाचीही तीच गत. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे वाण आल्यापासून महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हायब्रीड म्हणजे ज्वारी. मोटार ही त्या शब्दाची फार मागाहूनची अर्थच्छटा. नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू-उपसर्गांतून परिभाषेची जी प्रचंड इमारत उभारली, तिच्यात प्रत्येक संकल्पनेस वेगळी खोली होती. लोक त्या इमारतीत राहावयास गेले नाहीत, यावरून तिची चेष्टा करण्याची प्रथा आहे. वेगळ्या वस्तूस वेगळे नाव हवे, हा तिच्या मुळाशी असलेला आग्रह मात्र चेष्टेचा विषय नाही.

'बॅटरी'च्या बाबतीत तो आग्रह जीवनमरणाचा होतो. विजेरीतील बॅटरी दीड व्होल्टच्या सेलांची. तिला मुले जीभ लावून पाहतात. जीपची १२ व्होल्टची, ट्रकची २४ व्होल्टची. तिच्या टोकांवर पाना घासून ठिणगी पडते का हे पाहणे हा वाटेवरच्या मिस्त्रीचा सर्रास रिवाज आहे, आणि त्यात हात पोळण्यापलीकडे सहसा काही होत नाही. २०० व्होल्टच्या एकदिश बॅटरीवर हाच रिवाज चालविल्यास माणूस जागीच मरू शकतो. गाडी बंद आहे, किल्ली खिशात आहे, तरी ती बॅटरी आतून भरलेलीच असते. वस्तू तीन झाल्या, शब्द एकच राहिला, आणि शब्दाबरोबर हाताची सवयही एका वस्तूवरून दुसरीवर गेली. सुवाह्य भारणयंत्राने ही वस्तू प्रशिक्षित यंत्रज्ञाच्या कार्यशाळेतून काढून कोणाच्याही हाती दिली आहे. त्याबरोबरची सूचनापत्रे बहुधा इंग्रजीत असतात.

'चार्जिंग' या शब्दास विरोध करण्याचे काही कारण नाही. तो रुळला आहे, आणि 'भारण' हा ग्रंथापुरता पुरेसा आहे. 'बॅटरी'स मात्र विशेषणाची गरज आहे, आणि ते विशेषण संस्कृत कोशातून न आणता वस्तूवरूनच घेता येईल. संकरित व विद्युत् वाहनांतील उच्च दाबाच्या तारांचे वेष्टन जगभर नारिंगी रंगाचे ठेवतात. मिस्त्रीच्या दुकानात 'लाल तार', 'काळी तार' हे शब्द आधीच चालू आहेत; त्यांच्या शेजारी 'नारिंगी तार' आणि तिच्यावरून 'नारिंगी बॅटरी' हे शब्द विनासायास बसतील. भारणयंत्रावरील मराठी पाटी मग तीनचार ओळींत लिहिता येईल : ही नारिंगी बॅटरीसाठी आहे, जीपच्या बॅटरीस लावू नये; बॅटरी निकेलची आहे याची खात्री असल्याशिवाय लावू नये; नारिंगी तारेस हात लावण्यापूर्वी सुरक्षा-खटका काढून दहा मिनिटे थांबावे आणि हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालावेत; ठिणगी पाडून पाहू नये.